मुलांसाठी इमारत बांधायला नेपाळला जायचे आहे : जाण्यापूर्वी काय ठरवावे?

रंकाळावेस

नमस्कार. आम्ही कोल्हापुरातील आठ जण आहोत. आमच्यापैकी चौघांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका नुकतीच पूर्ण केली आहे, दोघी बालवाडीच्या शिक्षिका आहेत आणि उरलेले दोघे नोकरी करतात. दिवाळीनंतर तीन आठवडे नेपाळमधील एखाद्या डोंगरगावात राहून मुलांसाठीच्या सामुदायिक इमारतीच्या बांधकामात स्वयंसेवक म्हणून काम करावे, असे आम्ही ठरवले आहे. महाविद्यालयात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरांत आम्ही वनराई बंधारे घातले, शाळांच्या आवाराला दगडी बांध घातले, त्यामुळे अंगमेहनतीची भीती नाही.

अडचण वेगळी आहे. एका मध्यस्थ संस्थेने माणशी 65,000 रुपये सांगितले असून त्यात आठवड्यातील दोन दिवस अनाथालयातील मुलांसोबत घालवण्याचा कार्यक्रमही धरला आहे. या रकमेतील किती भाग गावाच्या हाती पडतो, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. घरून येणारा प्रश्न आणखी वेगळा आहे : पुरात आपल्याच जिल्ह्यातील शाळा बुडतात, त्या सोडून नेपाळ कशाला? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उद्यमनगरकर

शिवाजी उद्यमनगरात माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. 2016 च्या हिवाळ्यात आणि पुन्हा 2018 मध्ये मी सिंधुपाल्चोक जिल्ह्यातील एका डोंगरगावात अशाच इमारतीच्या कामासाठी गेलो होतो. पहिल्या खेपेस आमच्या हातून जे चुकले ते आधी सांगतो, कारण दुसऱ्या खेपेस जे थोडेफार बरे झाले ते त्या चुकीमुळेच.

25 एप्रिल 2015 रोजी दुपारी बाराला काही मिनिटे कमी असताना नेपाळमध्ये 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि 12 मे रोजी 7.3 तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. सुमारे 9,000 माणसे गेली आणि सिंधुपाल्चोक हा सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्या गावात कोणाजवळही बोलायला बसलो की ‘शनिबार थियो’, म्हणजे शनिवार होता, हे शब्द लगेच यायचे. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. त्या गावची दगडमातीची शाळा जागच्या जागी बसली होती. हाच धक्का एक दिवस आधी बसला असता तर, एवढे बोलून माणसे थांबत असत. पुढचे वाक्य पूर्ण करणारा मला एकही भेटला नाही.

गावाने ठरवलेली इमारत दोन खोल्यांची होती. एका खोलीत बालविकास केंद्र, म्हणजे आपली अंगणवाडीच, आणि दुसऱ्या खोलीत आमा समूहाची, म्हणजे तिथल्या महिला मंडळाची, बैठक व्हायची होती. आम्ही दहा जण गेलो. गावाला पाणी एकाच ‘धाऱ्या’चे, म्हणजे वरच्या झऱ्यावरून पाइपाने आणलेल्या नळाचे होते. जोत्यावरचा काँक्रीटचा पट्टा ओतून झाला होता आणि त्यावर गोणपाट टाकून ते किमान सात दिवस ओले ठेवायचे होते. चौथ्या दिवशी सकाळी मी गोणपाट उचलले तर ते कोरडे खडखडीत, आणि खाली काँक्रीटवर केसासारखी बारीक चीर गेलेली. पाणी का मारले नाही, असे मी डकर्मीला विचारले. (गवंड्याला तिकडे डकर्मी म्हणतात आणि सुताराला सिकर्मी.) त्याने काही न बोलता धाऱ्याकडे बोट दाखवले. तिथे आमच्यातलेच चौघे कपडे धूत होते आणि त्यांच्या मागे गावातल्या बायका गाग्री घेऊन रांगेत उभ्या होत्या.

त्या बायकांनी किंवा डकर्मीने तीन दिवसांत आम्हाला अवाक्षर ऐकवले नव्हते. आम्ही पाहुणे होतो. त्या दिवसापासून आम्ही एक दिवसाआड आंघोळ करू लागलो आणि दुपारचे पाणी पट्ट्यासाठी राखून ठेवले, पण मनाला लागायचे ते लागलेच. मुलांच्या डोक्यावर भिंत पडू नये म्हणून जो पट्टा घालायचा, त्याच्याच वाट्याचे पाणी आम्ही अंगावर ओतून घेत होतो.

दगड वाहण्याचीही तीच गत. आम्ही चुंबळ करून डोक्यावर घमेली घ्यायचो आणि चढावर दर पन्नास पावलांनी थांबायचो. तिथली माणसे नाम्लोचा पट्टा कपाळावर घेतात आणि त्याला अडकवलेला डोको, म्हणजे बांबूची टोपली, पाठीवर टाकतात. पन्नाशी उलटलेल्या एक बाई आमच्या दुप्पट वजन घेऊन आमच्या आधी वर पोहोचत असत, आणि त्या कामाची त्यांना मजुरी मिळत होती. आम्ही वाहिलेल्या प्रत्येक खेपेची मजुरी त्यांची बुडाली, हे माझ्या लक्षात यायला दहा दिवस लागले.

उपयोगी पडली ती एकच गोष्ट. पट्ट्याच्या आणि खांबांच्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोके काटकोनात वाकवून सोडलेली मला दिसली. भूकंपात बाहेरचे काँक्रीट सुटले की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोके 135 अंशांत वळवून आत गाभ्यात घुसवली असतील तर रिंग पकड सोडत नाही. डकर्मींचे प्रशिक्षण झालेले होते आणि त्यांना हे पक्के ठाऊक होते, पण दिवसभर पाइपाच्या तुकड्याने शेकडो रिंगा वाकवताना मनगट भरून येते आणि मग टोक अर्धवट राहते. कोल्हापुरात परत आल्यावर मी जाड पट्टीवर खुंट्या बसवून एक साचा तयार केला. त्यात सळई अडकवून दांडा ओढला की टोक नेमके हव्या त्या कोनावर जाऊन थांबते. वजन नऊ किलो. दुसऱ्या खेपेस मी एकटाच गेलो, तो साचा घेऊन गेलो, सहा आठवडे डकर्मींच्या हाताखाली सळईचे काम केले आणि साचा तिथेच ठेवून आलो. तो आता शेजारच्या वाड्यांतही फिरतो.

त्यामुळे आपल्याला माझे सांगणे असे आहे की किती जण जाणार हे आपण ठरवू नये, ते त्या गावाच्या समितीला ठरवू द्यावे. आपल्या आठ जणांच्या 65,000 रुपयांचे 5,20,000 होतात. एवढ्या रकमेत त्या भागातील चार डकर्मी किती महिने काम करू शकतात, हे समितीला विचारून पाहा आणि मग निर्णय घ्या. अनाथालयाचा कार्यक्रम मात्र कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू नका. त्याविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे लिहितीलच.

वास्तुरेषा

मी संरचना अभियंता आहे. उद्यमनगरकरांनी रिंगांविषयी लिहिले ते अचूक आहे. पदविका घेतलेल्या चौघांसाठी थोडी भर घालतो, कारण आपल्याकडे आता सगळे शिक्षण आरसीसीचे होते आणि दगडी भिंतीकडे कोणी फारसे पाहत नाही. नेपाळच्या डोंगरात मात्र आपल्याला दगडच भेटणार आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला काय झाले ते आठवावे. भूकंपाची तीव्रता साधारण 6.2 होती, म्हणजे नेपाळच्या मानाने पुष्कळ कमी, तरीही हजारो माणसे झोपेत गेली. घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरचा एक दगडी पापुद्रा, आतला दुसरा, आणि मध्ये मातीत टाकलेली कपची. जमीन हलली की दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, पोट फुगते, आतला पापुद्रा घरात पडतो आणि वरचे जड माळवद खाली येते. नेपाळच्या डोंगरगावांतील पुष्कळशा घरांचे आणि शाळांचे 2015 मध्ये असेच झाले.

यावरचा उपाय फार महाग नाही, पण त्यात चालढकल चालत नाही. भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारा दगड दर दोन फूट उंचीला आणि लांबीत जास्तीत जास्त चार-चार फुटांवर बसलाच पाहिजे. तेवढा लांब दगड मिळाला नाही तर त्या जागी सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो. जोते, खिडकीचा तळ, दारे-खिडक्यांचा माथा आणि छपराखालचा थर या चारही पातळ्यांवर भिंतीभोवती सलग पट्टा फिरला पाहिजे आणि कोपऱ्यांवर त्याच्या सळया एकमेकींत गुंतल्या पाहिजेत. कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत दार किंवा खिडकी काढू नये. छपराखालची त्रिकोणी भिंत दगडाची करण्याचा मोह टाळून ती पत्र्याची किंवा फळ्यांची करावी, कारण भूकंपात ती आधी पडते. मुलांच्या खोलीला दोन दारे असावीत आणि दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडावीत.

मला वाटते, तीन आठवड्यांत आपण यातील एकच काम नीट करू शकाल, ते म्हणजे तपासणीचे. दररोज संध्याकाळी डकर्मींसोबत भिंतीभोवती फिरून आरपार दगड मोजावेत, ओळंबा लावावा आणि फोटोसह नोंद ठेवावी. मात्र हे करताना आपण परीक्षक आहोत, असा आव आणू नये. ज्याने तीस वर्षे दगड फोडला आहे त्याला दगडाची शीर आपल्यापेक्षा चांगली दिसते.

आणखी एक. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथल्या रात्री कडाक्याच्या असतात. थंडीत काँक्रीटला ताकद सावकाश येते, म्हणून आपल्याकडच्या सवयीने काँक्रीटला आधार देणाऱ्या फळ्या काढण्याची घाई करू नये आणि रात्री पट्ट्यावर पेंढा व ताडपत्री टाकून ठेवावी.

पंचगंगाकाठ

सर्वांविषयी आदर ठेवून विरोधी मत मांडतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडीत पुराचे पाणी ओसरल्यावर आम्ही तालमीची पोरे साफसफाईला गेलो होतो. एका शाळेत गुडघाभर गाळ होता. लाकडी बाके फुगून त्यांचे सांधे सुटले होते, आणि भिंतीवर मुलांनी काढलेल्या चित्रांच्या बरोबर मधून पाण्याची रेघ गेली होती. दोन वर्षांनी, 2021 मध्ये, पुन्हा पाणी आले आणि आम्ही पुन्हा तोच गाळ काढला. शिरोळ तालुक्यातील माणसांनी तर हे किती वेळा भोगले, त्याची गणतीच करवत नाही. ज्यांना मुलांसाठी खपायचे आहे त्यांना एसटीच्या तिकिटात पोहोचता येईल इतके काम इथे पडलेले आहे. पासपोर्ट काढून सीमा ओलांडल्याशिवाय सेवा केल्यासारखे वाटत नसेल, तर ती ओढ सेवेची की प्रवासाची, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

उद्यमनगरकर

पंचगंगाकाठ, आपला आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. मीही त्या ऑगस्टमध्ये आंबेवाडीत होतो. तिथे गाळ काढताना नेपाळची आठवण मला वेगळ्या कारणाने आली. आपल्याकडे बाहेरून मदतीचे ट्रकच्या ट्रक आले, त्यांत जुने कपडे ढिगांनी होते, आणि ज्या गावाला गाळ उपसायला खोरी हवी होती त्या गावाला आलेले कपडे निवडत बसावे लागले. आपण काय हवे ते विचारले नाही तर दुसऱ्याच्या दारात कसे ओझे होतो, हे मी नेपाळमध्ये पाहुणा म्हणून शिकलो आणि इथे यजमान म्हणून पाहिले. नेपाळला गेलो नसतो तर ते कपडे पाहून मी केवळ चिडलो असतो. आमच्या धाऱ्यावरच्या चौघांची त्या कपड्यांशी सांगड मला घालता आली नसती.

तरीही, ज्याला एकच जागा निवडायची आहे त्याने जवळची निवडली तर त्यात कमीपणा मुळीच नाही, हे मी मान्य करतो.

गारगोटीची_बाई

मी प्राथमिक शिक्षिका आहे. अनाथालयाच्या त्या दोन दिवसांविषयी लिहिते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मध्यस्थ संस्थेमार्फत मी दुसऱ्या एका देशातील बालगृहात दहा दिवस शिकवायला गेले होते. पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरताच पाच वर्षांच्या एका मुलाने येऊन माझा हात धरला आणि दिवसभर सोडला नाही. मला भरून आले. दहाव्या दिवशी आमची गाडी निघत असताना पुढच्या गटाची गाडी आत आली. तो मुलगा माझा हात सोडून त्या गाडीकडे धावला आणि उतरणाऱ्या पहिल्या बाईचा हात त्याने तसाच धरला. ते लाघव नव्हते. माणसे येतात आणि जातात हे कळलेल्या लेकराने शोधलेला तो आधार होता, आणि मी त्याला आणखी एकदा सोडून निघाले होते. त्याची आई दोन खोऱ्यांपलीकडे राहते आणि सणाला भेटायला येते, हे मला स्वयंपाकीणबाईंनी आदल्या संध्याकाळी सांगितले होते.

जगभरच्या अनाथालयांतील बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांपैकी एक जण तरी हयात असतो. पैसे देऊन येणारे पाहुणे जिथे वाढतात तिथे त्यांना दाखवण्यासाठी मुले आणली जातात. गरीब आईबापांना शिक्षणाचे आमिष दाखवून लेकरे शहरात नेली जातात आणि कागदोपत्री पोरकी केली जातात. नेपाळमध्येही असे प्रकार उघडकीस आले आहेत आणि 2015 च्या भूकंपानंतर ही भीती एवढी वाढली की पालकांशिवाय मुलांना प्रवासाला नेण्यावर तिथल्या सरकारला निर्बंध घालावे लागले. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करीही त्याच व्याख्येत धरली.

म्हणून मुलांची खोली बांधायला अवश्य जावे, पण मुलांमध्ये राहण्याचा हट्ट धरू नये. काम चालू असेपर्यंत मुले बांधकामाच्या जागी येणार नाहीत, कोणी स्वयंसेवक मुलांसोबत एकटा थांबणार नाही, आईवडिलांना विचारल्याशिवाय एकाही मुलाचे छायाचित्र कुठेही टाकले जाणार नाही, हे आधी लिहून घ्यावे. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र मिळते, ते आठही जणांनी काढून समितीकडे द्यावे. समितीने मागितले नाही तरी द्यावे. आपल्या बालवाडीच्या दोघींना तिथे खरोखर काही करायचे असेल तर मुलांना गाणी शिकवण्याऐवजी त्या केंद्रातील शिक्षिकेसोबत बसावे, कारण मुलांजवळ वर्षभर तीच राहणार आहे.

उद्यमनगरकर

बाईंचे शब्द न् शब्द पटले. मुले जागेवर येऊ नयेत हा नियम आमच्याकडे दुसऱ्या खेपेस होता. चार वाजता अवजारे आवरल्यावर मात्र डकर्मी स्वतः मुलांना दोरीच्या बाहेर बसवून पाणसळ दाखवायचे. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक एका कोपऱ्यावर आणि दुसरे टोक दुसऱ्यावर धरले की दोन्हीकडचे पाणी एका उंचीवर येऊन थांबते, हे पाहायला सगळी वाडी जमायची. एक टोक कितीही हलवले तरी पाणी डुचमळून पुन्हा जागेवर येते, याची एका मुलीला इतकी गोडी लागली की जोत्याच्या चारही कोपऱ्यांची खूण तिने डकर्मींकडून समजून घेतली. शिकवणारा तिच्याच गावचा माणूस होता. आम्ही नळीचे दुसरे टोक धरून उभे होतो.

जुना_वाचक

माझे वय 66 आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि आमच्या पेठेतील सगळी बिऱ्हाडे पुढे कित्येक रात्री अंगणात झोपली. म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

परदेशात जाऊन श्रमदानाने बांधकाम करण्याची रीत अलीकडची नाही. पिएर सेरेसोल नावाच्या स्विस अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, फ्रान्समधील वेर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांना एकत्र आणून घरे उभारायला सुरुवात केली. त्यांत जर्मन माणसे होती. स्थानिक कारभाऱ्यांना ते सहन झाले नाही आणि काही महिन्यांतच काम थांबवावे लागले. हेतू अत्यंत उदात्त होता, तरी ज्या गावात जायचे त्या गावाचे मन वळलेले नसेल तर काय होते, ते तिथे दिसले.

पुढे 15 जानेवारी 1934 रोजी बिहार-नेपाळचा महाभूकंप झाला. बिहारमध्ये मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांकडे होती. सेरेसोल मोजक्या सहकाऱ्यांसह मुझफ्फरपूर भागात आले आणि 1937 पर्यंत अधूनमधून येऊन-राहून त्यांनी गावे उंचावर नव्याने वसवण्याच्या कामाला हात लावला. माणसे थोडी आणि मुक्काम लांब, हे मला त्यातले महत्त्वाचे वाटते. तेव्हा परदेशी माणसे आपल्याकडे विटा-माती करायला आली होती. त्यांच्याकडे ‘तुमच्या देशात काम नाही काय?’ असे पाहणारेही असतीलच, पण राजेंद्रबाबूंनी त्यांना आपल्या कामात सामावून घेतले. म्हणून पंचगंगाकाठ यांचा प्रश्न रास्त असला, तरी सीमा ओलांडून येणारा प्रत्येक हात परका मानू नये.

इमारत टिकते कशाने, याचे उत्तर मात्र कोल्हापूरच्या दसरा चौकात उभे राहिले की मिळते. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहे निघाली. शाहू महाराजांनी जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली, पण चालवण्याचा भार त्या त्या समाजातील जाणत्या माणसांच्या खांद्यावर ठेवला. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुलांसाठी बांधलेल्या त्या वास्तूंतून शंभर वर्षांनंतरही मुले राहत आली आहेत. नेपाळमधील आपल्या इमारतीची किल्ली कोणाकडे राहणार, पत्रा उडाला तर वर्गणी कोण काढणार आणि शिक्षिकेचे मानधन कोठून येणार, हे ठरले नसेल तर बांधकामाला हात लावू नये.

कसबा_बावडा

व्यवहाराचे दोन प्रश्न आहेत. जायचे कसे, आणि पैसे पाठवायचे कसे?

उद्यमनगरकर

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, परंतु पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ असावे, केवळ आधार कार्डावर विसंबून निघू नये. मी पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा आणि पुढे रात्रभर बसने काठमांडू असा गेलो. घड्याळ 15 मिनिटे पुढे करायचे. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होतात आणि दशैंच्या, म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या, दिवसांत गावात कामाला माणूस मिळत नाही, त्यामुळे दिवाळीनंतरचा काळ आपण योग्य निवडला आहे. भाषेची चिंता नको. लिपी देवनागरी असल्याने पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात आणि आठवडाभरात कामापुरते बोलणे जमते.

पैशांसाठी रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा आहे. तिच्यातून आपल्या बँकेमार्फत एका वेळी 2,00,000 रुपयांपर्यंत रक्कम नेपाळमधील खात्यात जाते. समितीच्या खात्यावर ती कशी पाठवता येईल, हे आपल्या शाखेत आधी विचारून घ्यावे. रोख रक्कम एका माणसाच्या हाती देणे टाळावे. त्या माणसावर अविश्वास म्हणून नव्हे, तर उद्या गावात कोणी त्याच्याकडे बोट दाखवू नये म्हणून.

रंकाळावेस

सर्वांचे मनापासून आभार. मध्यस्थ संस्थेला आम्ही नकार कळवला आहे. उद्यमनगरकर काकांनी आम्हाला त्यांच्या ओळखीच्या समितीचा संपर्क दिला आणि आम्ही आठ जणांची नावे, शिक्षण आणि तारखा कळवून, आपल्याला कोण हवे आहे आणि कोण नको, असे सरळ विचारले. उत्तर येण्यास सोळा दिवस लागले, कारण आमचे पत्र त्यांनी आमा समूहाच्या बैठकीत वाचून दाखवले.

त्यांनी लिहिले आहे की शेजारच्या वाडीत नवे बालविकास केंद्र बांधायला घेतले आहे, जोते झाले आहे आणि दगड पडला आहे. त्यांना आठ माणसे नकोत, कारण तिथलाही धारा एकच आहे. सळईचे काम जाणणारे दोघे हवे आहेत, पण तीन आठवड्यांसाठी नव्हे, छपराखालचा पट्टा होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने. बालवाडीच्या शिक्षिका आत्ता नकोत, खोली उभी राहिल्यावर वैशाखात एकीने यावे. आणि साच्याचा दांडा मुळाशी वाकला आहे, तो नवा करून आणावा.

हे वाचल्यावर आमच्यात दोन दिवस वादावादी झाली, हे लपवत नाही. ज्याने ही कल्पना प्रथम मांडली तोच जाणाऱ्यांत नाही, कारण त्याला दोन महिन्यांची रजा मिळत नाही. तो अजून नाराज आहे आणि त्याची नाराजी मला समजते. पदविकेच्या चौघांपैकी दोघे जातील. उरलेल्या सहा जणांनी स्वतःच्या प्रवासासाठी बाजूला काढलेली रक्कम डकर्मींच्या मजुरीसाठी समितीच्या खात्यावर पाठवण्याचे ठरले असून त्यासाठी सोमवारी बँकेत जात आहोत. बालवाडीच्या दोघी, पंचगंगाकाठ यांनी सुचवल्यास, वैशाखापर्यंत शिरोळ तालुक्यातील एखाद्या अंगणवाडीत काम करण्यास तयार आहेत, मात्र तिथल्या सेविकाताईंना आधी विचारून.

काका, दांड्यासाठी किती जाडीची सळई घ्यावी?

उद्यमनगरकर

पहिला दांडा 20 मिलिमीटरचा होता, तो कमी पडला असे दिसते. या वेळी 25 ची गोल सळई घेऊ आणि मुळाशी दोन्ही बाजूंनी त्रिकोणी आधारपट्टी जोडू. जाणाऱ्या दोघांनी शनिवारी सकाळी वर्कशॉपवर यावे. वेल्डिंग त्यांच्याच हातून करून घेतो, म्हणजे तिथे पुन्हा वाकला तर दुरुस्ती डकर्मींना दाखवता येईल.

पंचगंगाकाठ

शिरोळच्या सेविकाताईंशी मी बोलतो आणि उद्या संध्याकाळपर्यंत येथेच कळवतो. त्यांना फळ्यांच्या उंच मांडण्या करून हव्या आहेत, म्हणजे पाणी आले तरी पुस्तके वर राहतील, असे त्या मागे म्हणाल्या होत्या. सुतारकाम जाणणारे कोणी असल्यास नाव द्यावे.